रुग्णसेवेचे पाच गुण आणि पाय मोडलेले बालक

तथागत भगवान बुद्धांच्या धम्मात रुग्णसेवेला फार मोठे स्थान आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आलेला आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष देत नव्हते. आनंदासह विहारात फिरत असता तथागतांनी हे पाहिले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. तथागतांनी पाणी घातले, आनंदाने अंग धुतले. तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्या रुग्णास उचलले व मंचकावर निजविले. नंतर भिक्खूंना एकत्र बोलावून त्यांनी समजावले की, येथे तुमचे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर ती कोण करणार? परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांच्या रुग्णांविषयीच्या काळजीला स्वतंत्र जागा दिली आहे.

याच महावग्गात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण आणि सेवा करण्यास कठीण अशा रुग्णाची पाच लक्षणे सांगितली आहेत. कठीण रुग्ण म्हणजे जो पथ्य पाळत नाही, पथ्याच्या गोष्टीतही प्रमाण राखत नाही, औषध घेत नाही, आपल्याला काय होते ते खरेपणाने सांगत नाही आणि वेदना सहन करू शकत नाही. आता दीड-दोन वर्षांच्या, पाय मोडलेल्या बालकाचा विचार करा. ही पाचही लक्षणे त्याच्या ठिकाणी दिसतात आणि त्यात त्याचा काडीइतकाही दोष नाही. त्याला दुखते कोठे हे सांगता येत नाही. ‘हलू नको’ याचा अर्थ कळत नाही. औषध तो थुंकून टाकतो. म्हणून अशा बालकाच्या घरी शुश्रूषकाचे पाचही गुण एकाच वेळी लागतात. त्या पाच गुणांच्या क्रमानेच आपण या विषयाचा अभ्यास करू.

आधी थोडी शरीराची ओळख

लहान मुलाचे हाड मोठ्या माणसाच्या हाडासारखे ठिसूळ नसते. ते ओल्या फांदीसारखे असते. कित्येकदा पूर्ण न तुटता एका बाजूला तडकते किंवा वाकते. हाडावरचे आवरणही जाड व रक्ताने भरपूर पोसलेले असते. त्यामुळे लहान मुलाचे हाड लवकर सांधते. चालायला नुकतेच लागलेल्या मुलांत नडगीच्या हाडाला पीळ बसून बारीक, तिरपी चीर पडते. डनबार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली या अस्थिभंगाचे वर्णन केले. साधारण नऊ महिने ते तीन वर्षे हे त्याचे वय. मूल खेळता खेळता पडते, रडते, आणि मग पाय टेकायला तयार होत नाही. पहिल्या क्ष-किरण फोटोत कधीकधी चीर दिसतही नाही. आठ-दहा दिवसांनी नवे हाड धरू लागले म्हणजे दिसते. म्हणून ‘फोटो चांगला आला’ एवढ्यावर समाधान न मानता, मूल पाय टेकत नसेल तर पुन्हा डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

नडगीची अशी चीर बहुधा तीन ते चार आठवड्यांत सांधते. मांडीचे हाड मोडणे ही अधिक गंभीर बाब होय. त्यात या वयाच्या मुलाला कमरेपासून पायापर्यंतचे मोठे प्लास्टर घालतात. त्याला हिप स्पायका म्हणतात. ते सुमारे चार ते सहा आठवडे राहते. नेमका काळ डॉक्टरच ठरवितात.

आपल्या खान्देशात मुले कशी पडतात हेही ध्यानात घ्यावे. धाब्याच्या घरांना कठडा नसतो. ओटा उंच असतो. बाजेवर निजविलेले मूल कूस बदलताना खाली येते. सायकलच्या मागे बसविलेल्या मुलाचा पाय चाकाच्या तारांत सापडतो. शहराच्या बागेत घसरगुंडीवर वडील मुलाला मांडीवर घेऊन घसरतात. मुलाचा बूट कडेला अडकतो, वरून मोठ्या माणसाचे वजन येते आणि नडगीला पीळ बसतो. माया होती, पण माहिती नव्हती.

पहिला गुण : औषधोपचार करता येणे

सेवा करणाऱ्याला उपचाराचे ज्ञान हवे. पाय मोडल्याचा संशय येताच तो चोळू नये, ओढू नये, तेल लावून मालीश करू नये. पायाखाली घडी केलेली गोधडी किंवा जाड पुठ्ठा घालून, दुखऱ्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर राहतील अशा बेताने मऊ कापडाने सैलसर बांधावे. जखम उघडी असेल तर फक्त स्वच्छ कापड ठेवावे. हळद, माती, राख काही भरू नये. भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून दवाखान्यात पोहोचेपर्यंत खाऊ घालू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. तिचा उपयोग करावा.

हाडवैद्याकडे जाण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. त्यांच्यात प्रामाणिक माणसेही असतात. परंतु ताज्या मोडलेल्या पायाला सूज येत असताना वरून बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या तर रक्तपुरवठा बंद पडतो, स्नायू मरतात, आणि पाय कायमचा आखडतो किंवा कापावा लागतो. दृष्ट काढणे, अंगारा लावणे यात तर मोलाचे तास जातात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

भडगावच्या लोकांसाठी गावचे ग्रामीण रुग्णालय ही पहिली पायरी आहे. पुढे जळगाव आणि धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आल्या. शस्त्रक्रिया लागणार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रास भेटून चौकशी करावी. डॉक्टर अपघात कसा झाला हे खोदून विचारतात. विशेषतः मूल अजून चालतही नसेल तर जास्तच विचारतात. त्याचा राग मानू नये. मुलाला मारहाण तर झाली नाही ना, मुडदुसासारखा हाडांचा आजार तर नाही ना, हे पाहणे त्यांचे कर्तव्य आहे.

दुखण्यावर पॅरासिटॅमॉल देतात. त्याचे प्रमाण वयावर नव्हे तर वजनावर ठरते. म्हणून मुलाचे वजन करून डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्यावी आणि दिलेली वेळ कागदावर टिपून ठेवावी. घरात दोघे औषध देणारे असले म्हणजे दोनदा देण्याची चूक होते. कागद असला की होत नाही. अ‍ॅस्पिरिन लहान मुलास देऊ नये.

दुसरा गुण : हितकारक आणि अहितकारक यांची पारख

शुश्रूषकाला काय चालते आणि काय चालत नाही हे कळले पाहिजे. हिताचे जवळ आणावे, अहिताचे दूर करावे. त्यासाठी प्लास्टर म्हणजे काय हे समजून घेऊ. जिप्सम नावाचा खनिज दगड भाजला की त्यातील पाणी निघून जाते आणि पांढरी भुकटी राहते. तिच्यात पुन्हा पाणी मिसळले की ती गरम होते आणि दगडासारखी घट्ट होते. हॉलंडच्या सैन्यातील शल्यवैद्य अँटोनियस माथायसेन यांनी १८५२ साली ही भुकटी लावलेल्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते, पण आतून पूर्ण वाळण्यास दोन-तीन दिवस लागतात. फायबरचे प्लास्टर लवकर वाळते, हलके असते, पण महाग पडते. ओल्या प्लास्टरला बोटांनी धरू नये. खळगा पडून आतल्या कातडीला जखम होते. तळहातावर तोलावे. वाळविण्यासाठी चुलीजवळ वा उन्हात ठेवू नये. वारा पुरेसा आहे.

पहिले दोन दिवस सर्वात महत्त्वाचे. पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा म्हणजे सूज उतरते. दिवसा दर दोन तासांनी आणि रात्रीही उठून पायाची बोटे पाहावीत. बोटे गुलाबी व उबदार आहेत काय? मूल ती हलवते काय? नख दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला रंग दोन सेकंदांत परत येतो काय? दुसऱ्या पायाच्या बोटांशी ताडून पाहावे.

पुढील लक्षणे दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे :

१) औषध देऊनही रडणे थांबत नाही, उलट वाढत जाते.
२) बोटे थंड, फिकट किंवा निळी पडली, फार सुजली.
३) बोट हळूच सरळ केले तरी मूल किंचाळते, किंवा बोटाला स्पर्श केलेला कळत नाही.
४) ताप येतो, प्लास्टरमधून घाण वास किंवा स्राव येतो.
५) प्लास्टर भिजले, तडकले, फार सैल झाले किंवा सरकले.

आतील दाब वाढून रक्त बंद झाले तर काही तासांतच स्नायू मरू लागतात. अशा वेळी डॉक्टर प्लास्टर उभे कापून सैल करतात. त्याने हाडाचे काम बिघडत नाही, पाय वाचतो. ‘एवढ्या रात्री कुठे जायचे, लेकरू हट्टी आहे’ असे म्हणून झोपून जाणे हा सर्वात मोठा धोका आहे.

खाज सुटणे हा प्लास्टरमधील मुलाचा मोठा त्रास. त्यासाठी काडी, सुई, कंगवा, फुटपट्टी आत घालू नये. पावडर किंवा तेलही ओतू नये. कातडी फाटली की आत पू होतो आणि बाहेरून दिसत नाही. पंख्याचा वारा द्यावा, प्लास्टरवर बाहेरून हलकेच थापटावे, आणि खाज फारच असेल तर डॉक्टरांना औषध विचारावे. मूलही गप्प बसत नाही. शेंगदाणा, हरभरा, नाणे, खडा जे हाती येईल ते आत सरकवते. त्याच्या जवळ बारीक वस्तू ठेवू नयेत. जेवताना कडेवर स्वच्छ फडके टाकावे, नाहीतर अन्नाच्या कणांना मुंग्या लागतात.

खान्देशचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला म्हणजे प्लास्टरमध्ये घाम साचतो. मुलाला सावलीच्या, हवेशीर खोलीत ठेवावे, सुती कपडे घालावेत, पाणी वारंवार पाजावे. आंघोळ घालू नये. ओल्या कापडाने अंग पुसून घ्यावे.

आहाराला खर्चिक टॉनिकची गरज नाही. भाकरी, वरण, दूध, दही, अंडी, हिरव्या पालेभाज्या, नाचणी मिळाल्यास नाचणी, आणि सकाळच्या उन्हात थोडा वेळ बसणे यांनी हाडाला लागते ते मिळते. पडून राहिल्याने शौचास घट्ट होते. पपई, केळी, वरणाचे पाणी द्यावे. पोटावर प्लास्टर असलेल्या मुलाला एकदम पोटभर न देता थोडे थोडे द्यावे, आणि उताणे निजवून कधीही भरवू नये. घास श्वासनलिकेत जातो. उशा लावून अर्धवट बसते करावे.

तिसरा गुण : मैत्रीभावनेने सेवा, लाभासाठी नव्हे

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने खरा प्रश्न उभा राहतो. सहा आठवडे मुलाजवळ बसायचे कोणी? ज्या घरात आई कापूस वेचायला किंवा निंदणीला जाते तेथे तिचा खाडा म्हणजे घरातले पीठ कमी होणे. मग बहुतेक घरी एकच तोड निघते. आठ-दहा वर्षांच्या बहिणीला शाळेतून काढून लहान भावाजवळ बसविले जाते. भावाचे हाड सहा आठवड्यांत सांधते. पण मुलीचा अभ्यास जो मागे पडतो तो पडतोच, आणि कित्येक मुली मग शाळेत परत जातच नाहीत. एका मुलाचा पाय बरा करताना दुसऱ्या मुलाचे शिक्षण मोडत असेल तर ती सेवा पुरी झाली असे म्हणता येणार नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिकाळातील स्त्री-कामगारांना विश्रांती व भत्ता मिळावा यासाठी आणलेल्या विधेयकाचा जोरदार पुरस्कार केला होता. आईवर पडणारा भार तिने एकटीने वाहावयाचा नाही, तो इतरांनीही उचलला पाहिजे, हे त्यामागील तत्त्व आहे. शेतमजूर आईला अशी रजा कोण देणार? तेथे समाजानेच उभे राहिले पाहिजे. वस्तीतील पाच-सहा घरांनी पाळी लावून रोज दोन-तीन तास त्या मुलाजवळ बसले तर आईची निम्मी मजुरी वाचते आणि मुलीची शाळा पूर्ण वाचते. यास पैसा लागत नाही. मैत्रीभावना लागते.

चौथा गुण : मलमूत्राची किळस नसणे

महावग्गात हा गुण स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. स्पायका प्लास्टरच्या मुलासाठी तर तो रोजचा आहे. लघवीने प्लास्टर भिजले की ते मऊ पडते, वास मारते आणि खालची कातडी सोलते. म्हणून मागच्या बाजूच्या मोकळ्या जागेत आधी लहान घडीचे दुपटे किंवा लहान लंगोट प्लास्टरच्या कडेच्या आत खोचून बसवावा आणि त्यावर मोठा बांधावा. बाजारातील डायपर वापरल्यासही रीत हीच. कडांवर प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने बसविला तर ओल आत शिरत नाही. दिवसा दर दोन तासांनी हात लावून पाहावे, रात्री निदान दोनदा तरी पाहावे. मुलाचे डोके व छाती थोडी उंच ठेवली की लघवी वर पाठीकडे न जाता खाली उतरते.

दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी, म्हणजे टाच, कंबर, पाठ यांवर दाबाची जखम होत नाही. कडेजवळची कातडी रोज उजेडात पाहावी. दोन पायांच्या मध्ये बसविलेली काठी मुलाला उचलण्यासाठी नाही. तिला धरून उचलले तर प्लास्टर मोडते. पाठीखाली एक आणि मांड्यांखाली एक हात घालून, शक्यतो दोघांनी उचलावे. अशा मुलाला मोटारसायकलवरून कधीही नेऊ नये.

हे काम आईचेच, असा आपल्याकडे समज आहे. तथागतांनी स्वतः पाणी घातले आणि डोक्याकडून धरून उचलले, ही गोष्ट घरातील बापांनी, काकांनी, थोरल्या भावांनी विसरू नये. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला स्वतः उचलून उपचारासाठी आणले आणि त्याच आजाराने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुण्यस्मरणाचे हार घालणाऱ्या हातांना लंगोट धुण्याचा कमीपणा वाटू नये.

पाचवा गुण : रुग्णाच्या मनाला उभारी देणे

शुश्रूषकाने वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला धीर द्यावा, असे वचन आहे. दोन वर्षांच्या मुलाला धम्मकथा कळणार नाही, पण जातकातील ससा, माकड, हत्ती यांच्या गोष्टी आवाज काढून सांगितल्या तर ते हसते. कालपर्यंत अंगणभर धावणारे मूल आज उठू शकत नाही आणि का उठू शकत नाही हे त्याला समजत नाही. म्हणून ते चिडते, चावते, रात्री दचकून उठते, कपड्यात लघवी न करणारे पुन्हा करू लागते. हा हट्ट नव्हे. त्याला मारू नये, धाक दाखवू नये. ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचेल’ हे वाक्य घरात उच्चारूच नये. पुढे त्याच डॉक्टरांकडे न्यायचे असते.

खाट दाराशी किंवा ओट्यावर सावलीत आणावी, म्हणजे रस्ता, बैल, पोरे दिसतात. चित्रांचे पुस्तक, डबे, मातीचा गोळा, भिंतीवर लावलेली पाटी यांत वेळ जातो. केवळ पायालाच प्लास्टर असेल तर बरीच मुले काही दिवसांत रांगू लागतात आणि उभीही राहतात. त्याने घाबरू नये. किती चालू द्यायचे ते डॉक्टरांना विचारून घ्यावे.

प्लास्टर काढल्यानंतर

प्लास्टर कापणाऱ्या यंत्राचा आवाज मोठा असतो, पण त्याचे पाते गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. म्हणून कातडी सहसा कापत नाही. तरी मूल घाबरतेच. आईने मांडीवर घेऊन बसावे. आतील पाय बारीक, कोरडा, खवले धरलेला दिसतो. कोमट पाण्याने हळूहळू धुवावा, खवले ओरबाडू नयेत. मूल काही आठवडे लंगडते. पाय बाहेर वळवूनही टाकते. जोराने मालीश करू नये, बळेच उभे करू नये. ते आपल्या आपण चालू लागते. मांडीचे हाड मोडले असेल तर पुढील दीड-दोन वर्षांत तो पाय सुमारे एक सेंटिमीटरने अधिक वाढू शकतो. म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नयेत.

मंडळाने काय करावे

या अभ्यासातून काही साध्या सूचना पुढे येतात. प्रत्येक बुद्धविहारात एक नोंदवही ठेवावी. ज्या घरी असा रुग्ण आहे त्या घराचे नाव आणि बसणाऱ्यांची पाळी तीत लिहावी. जुन्या सुती लुगड्यांची धुतलेली दुपटी, उशा, चित्रांची पुस्तके गोळा करून गरजू घरी द्यावीत आणि काम झाल्यावर परत घ्यावीत. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी वरील पाच धोक्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या भिंतीवर लावावीत आणि ज्यांना वाचता येत नाही त्या आयाबहिणींना वाचून दाखवावीत. धाब्याला कठडा आणि सायकलच्या चाकाला जाळी बसविण्यासाठी श्रमदानाचा एक रविवार द्यावा. आणि भावाच्या आजारपणासाठी कोणाची मुलगी शाळेतून घरी बसली आहे काय, हे दर महिन्याच्या बैठकीत विचारावे.

विहारात आपण दर पौर्णिमेस वंदना घेतो. त्या वंदनेतील करुणा शेजारच्या घरातील बाजेपर्यंत पोहोचली पाहिजे. संघातील एकाकी भिक्खूविषयी तथागतांनी जो प्रश्न भिक्खूंना विचारला, तोच आज आपल्या वस्तीला लागू आहे. आपल्या लेकरांची सेवा आपणच एकमेकांच्या साह्याने केली नाही तर ती कोण करणार? याचे उत्तर प्रत्येक सभासदाने आपल्या कृतीने द्यावे, एवढीच विनंती.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम!